झाकणावरची शिकवणी

ओदेतबाईंकडे नवं मूल आलं की पहिल्या दिवशी त्याला पियानोची एकही पट्टी दाबायला मिळत नसे. झाकण बंदच. मुलाने स्टुलावर बसायचं, दोन्ही हात झाकणावर ठेवायचे, बोटं गोल धरायची, आणि बाई हाताच्या पाठीवर जर्दाळूची एक बी ठेवायच्या. बी न पाडता पाचही बोटं एकेक करून उचलता आली, की मग झाकण उघडायचं. कुणाला ते आठवड्यात जमे, कुणाला महिना लागे. आया कुरकुरत.

"बाई, पोराला पियानो शिकायला पाठवलंय, जर्दाळू राखायला नाही."

"ज्याला बी राखता येत नाही, त्याला सूर काय राखता येणार?" एवढं बोलून बाई दार लावून घेत.

त्या फक्त नवशिक्यांना शिकवत. दोन पातळ पुस्तकं, सोपी गाणी, आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही. दुसरं पुस्तक संपलं की म्हणत, "माझ्याकडचं संपलं. आता पुढे जा." पुढचं त्यांना येत नव्हतं असं नाही. पण पाया घालणाऱ्याने पायाच घालावा, भिंत चढवायला दुसरे आहेत, असं त्यांचं मत होतं. उभा जन्म त्यांनी पायाच घातला. सीरियातल्या होम्स शहराच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, काळ्या दगडांच्या गल्लीत, त्यांच्या खिडकीतून रोज दुपारी तेच चार-पाच सूर बाहेर पडत, त्याच त्या जागी अडखळत, आणि मागून बाईंचा आवाज येई, "पुन्हा."

वरच्या मजल्यावर उम्म नसीम राहायची. तिचं खरं नाव वदीआ, पण मुलगा झाल्यापासून गल्लीने तिला मुलाच्या नावानेच, उम्म नसीम म्हणजे नसीमची आई, अशी हाक मारली. ओदेतबाई मात्र वदीआच म्हणत. दोघी तरुण असताना एकाच उन्हाळ्यात या इमारतीत राहायला आल्या होत्या. एकीचा संसार झाला, नवरा गेला, मुलगी हियाम लग्न होऊन अलेप्पोला गेली, मुलगा जवळ राहिला. दुसरीचं लग्नच झालं नाही. सकाळची कॉफी एक दिवस वर, एक दिवस खाली, हा शिरस्ता कधी मोडला नाही.

नसीम सहा वर्षांचा झाला तसा तोही खाली येऊन स्टुलावर बसला. पोरगा कष्टाळू, पण बोटं लाकडाची. चौथं बोट उचलायला गेला की तिसरंही त्याच्याबरोबर उठे आणि बी टुणकन खाली. दोन हिवाळे त्याने घाम गाळला, पहिलं पुस्तक काही संपलं नाही. शेवटी बाईंनीच सांगितलं, "वदीआ, याच्या हाताला दुसरं काम दे." मोठा झाल्यावर तो ट्रक चालवू लागला. मिशा आल्या, पोट आलं. जिन्यात बाई भेटल्या की कठड्यावर पंजा पसरून दाखवायचा.

"बाई, बघा. अजून उठत नाही."

"तू उठवत नाहीस म्हणून."

ऑक्टोबरात तार्तूसच्या रस्त्यावर, उतारावर, त्याचा ट्रक उलटला. संध्याकाळी त्याला घरी आणलं.

दुखवट्याचे दिवस वरच्या मजल्यावर बायकांनी, खालच्या अंगणात पुरुषांनी भरून गेले. ओदेतबाई बिनसाखरेची कॉफी कपांत ओतत होत्या. मध्येच उम्म नसीमने त्यांचा हात धरला.

"ओदेत, मुलांची शिकवणी बंद करू नकोस हं."

खोलीतल्या साऱ्या बायका ऐकत होत्या. तळमजल्यावरची उम्म बासील तर कान टवकारूनच बसलेली. बाईंनी जे म्हणायचं असतं तेच म्हटलं. "काय बोलतेस वदीआ. शिकवणी कुठे पळून जातेय?"

ही रीत सगळ्या गल्लीला पाठ होती. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याने म्हणायचं, "तुम्ही रेडिओ लावा, लग्न उरकून घ्या, आमच्यासाठी थांबू नका." आणि शेजाऱ्याने थांबायचं. दुकानदार म्हणतो, "राहू द्या, पैसे नकोत," म्हणून कुणी फुकट माल घेऊन चालायला लागत नाही. हे बोलणं तोंडदेखलं असतं आणि त्याचा मान ते न ऐकण्यातच असतो. इमारतीत निदान चाळीसाव्या दिवसापर्यंत गाणं-बजावणं नाही. तरणाताठा मुलगा गेला असेल तर ज्याला जेवढी माया तेवढं पुढे.

शिकवणी बंद ठेवणं मात्र बाईंना पटेना. मुलांची बोटं आठवडाभरात विसरतात. त्यांनी जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी कापली, तिच्यावर शाईने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून मापून आखल्या आणि ती बंद झाकणावर चिकटवली. मुलांनी त्याच्यावर वाजवायचं. सूर मनात म्हणायचा, ओठही हलता कामा नयेत. आवाज नसला की मूल चुकलं हे कानाला कळत नाही. म्हणून बाई खुर्ची जवळ ओढून बोटांवर नजर रोखून बसत. कोणतं बोट, कोणत्या पट्टीवर, किती वेळ, सगळं डोळ्यांनी मोजत. संध्याकाळपर्यंत डोळे भरून येत आणि मान आखडे. एवढे कष्ट त्यांनी आवाजाच्या शिकवणीतही कधी घेतले नव्हते. पण वरच्या घरात एक सूर जाता कामा नये, वदीआच्या जखमेवर बोट लागता कामा नये, ही एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती.

मुलं आधी हसली. मग गप्प झाली.

नवव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने उकडलेला गहू वाटताना उम्म नसीम पुन्हा म्हणाली, "खालून काहीच ऐकू येत नाही, ओदेत. वाजवू दे पोरांना."

"वाजवतील गं. घाई कसली."

चाळीसावा झाला. चर्चमधून परत येताना जिन्यात ती तिसऱ्यांदा बोलली. "आता तरी उघड तो पियानो."

बाई थांबल्या. या वेळी आवाज वेगळा वाटला. उघडावा का? पण मागून उम्म बासील चढत होती. उम्म नसीम वर गेल्यावर ती बाईंच्या कानाशी लागली.

"ऐकलंस ना? बिचारी मन मोठं करून बोलते. पण तू उद्याच उघडलास तर लोक म्हणतील, बाई चाळीसावा बोटांवर मोजत होत्या."

"लोकांना काम नाही."

"लोकांना कधी काम होतं? मी आपली तुझ्या काळजीने सांगते. तरणा पोरगा गेलाय. तिने अजून आरसासुद्धा सरळ केलेला नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय."

ते खरं होतं. बाईंनी झाकण उघडलं नाही.

हिवाळा आला, डिझेलची शेगडी पेटली. मुलं गळू लागली. रस्त्यापलीकडे एका तरुण मास्तरने विजेवर चालणारे तीन कीबोर्ड मांडले होते. कळ दाबली की आपोआप ढोल वाजे. मूल पहिल्याच दिवशी गाणं वाजवून घरी येई. आया ओशाळं तोंड करून सांगायला येत. "बाई, पोर म्हणतं, मुक्यांच्या शाळेत जायचं नाही."

बाई म्हणत, "जाऊ दे. बोट गोल ठेव म्हणावं."

नाताळपर्यंत एकच मुलगी उरली, लमीस. शिंप्याची सात वर्षांची पोर, झाकण बंद झाल्यानंतर आलेली. घरात सहा भावंडं आणि दोन मशिनी, म्हणून तिला ही शांत खोली आवडायची. सगळ्यांना वाटून द्यायचे ते कष्ट बाईंनी मग तिच्या एकटीच्या दहा बोटांवर ओतले. तिला त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "चुकण्यापेक्षा थांब. बोट जागेवर गेलं की मगच दाब." लमीस थांबायची, बघायची, दाबायची. पुठ्ठ्यावरून तिचं पहिलं पुस्तक संपलं, दुसरं निम्मं झालं. खरा सूर तिने अजून ऐकलाच नव्हता. एकदा विचारलं तिने, "बाई, आत खरंच आवाज आहे?"

"आहे. कामाला लाग."

वर-खाली कॉफी चालू होती, पण बोलणं आटलं होतं. उम्म नसीम कप हातात धरून फरशीकडे बघत बसायची. बाईंना वाटे, दुःख आहे, असंच असणार. आपण निदान त्यात भर घालत नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी बाई थाळीत खिम्याचे गरम किब्बे घेऊन वर गेल्या. दारातच बांधलेल्या पेट्या दिसल्या.

"हे काय?"

"हियाम न्यायला येतेय. शनिवारी. अलेप्पोलाच राहायचं आता," उम्म नसीम म्हणाली. "घर बंद करणार."

"आणि मला आज सांगतेस?"

"तू माझ्याशी बोलतेस कुठे?"

बाईंना वाटलं ही थट्टा करते आहे. बुधवार म्हणजे होम्सकरांचा वेड्यांचा वार, त्या दिवशी काहीही बोलायची मुभा. त्या म्हणाल्या, "आज बुधवार आहे म्हणून सोडून देते. रोज तुझ्यासमोर बसून कॉफी पितं ते काय माझं भूत?"

उम्म नसीम हसली नाही. "तू माझ्यावर का रागावलीस, ओदेत? सहा महिने विचार करतेय. नसीम गेला त्या आठवड्यापासून तू पियानो बंद केलास. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, जिन्यात तर जवळजवळ हात जोडले. तुझं आपलं एकच, वाजवतील गं."

"अगं, मला वाटलं..." बाईंच्या हातात थाळी तशीच होती. "तोंडदेखलं म्हणतेस असं वाटलं. सगळे म्हणतात तसं."

"बायकांसमोर बोलले ते तोंडदेखलं वाटलं, मान्य. जिन्यात कोण होतं?"

उम्म बासील होती, हे बाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. ऐकलं होतं त्यांनी स्वतःच्या कानांनी. आवाज वेगळा आहे हेही कळलं होतं.

उम्म नसीम पेटीवर बसली. "तुझी पोरं अडखळायची ना, दुपारी. मी इथे भाजी निवडत ऐकायचे. तो सहा वर्षांचा होता तेव्हापासून. तो शिकायचा थांबला, पण त्याच्या चुका थांबल्या नाहीत. दर वर्षी कुठलं तरी पोर येऊन अगदी त्याच जागी पडायचं. मला वाटायचं, तोच खाली बसलाय. तो इथे समोर जेवत असला तरी वाटायचं. हसू यायचं मला." तिने शेजारच्या पेटीची दोरी ओढून घट्ट केली. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दुपारी मी वाट बघत होते. म्हटलं, आता ऐकू येईल. मग तू बंद केलंस. मग वाटलं, आता हेही गेलं."

बाई उभ्याच होत्या. किब्बे गार झाले.

"शनिवारच्या आत ऐकवते," त्या म्हणाल्या.

गुरुवारी त्या जुन्या मुलांच्या घरी गेल्या. एकेक जिना चढल्या. "एक दुपार पाठवा. फक्त एक." सगळ्या आयांनी त्यांना बसवलं, सरबत दिलं, तोंड भरून सांगितलं, "तुमचं घर ते त्याचंच घर, बाई. नक्की पाठवते." घरी येऊन बाईंनी दार उघडं ठेवलं. कुणी आलं नाही. कुणी येणार नाही हे उतरताना पहिल्याच जिन्यात त्यांना कळलं होतं.

शुक्रवारी दुपारी लमीस आली. बाईंनी पुठ्ठा खरवडून काढला, फडक्याने झाकण पुसलं आणि उघडलं. वरच्या खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला. उम्म नसीम खुर्ची ओढून बसली होती.

"वाजव. पहिलं गाणं."

लमीसने बोट ठेवलं, दाबलं. सूर निघाला तशी ती दचकली, बाईंकडे बघून हसली आणि मग वाजवत गेली. सूर बारीक येत होते, पण एकही जागा चुकली नाही. दुसरं गाणं, तेही तसंच. तिसरं दोन्ही हातांचं. पोरं हमखास पडतात त्या वळणावर बाई श्वास धरून बसल्या. लमीस थांबली, चौथं बोट एकटं उचललं, जागेवर नेलं, दाबलं.

आयुष्यात एवढं स्वच्छ काम बाईंच्या हातून झालं नव्हतं.

त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, मुलीने कधी न पाहिलेलं. "हे वाजव."

लमीस प्रत्येक सुराआधी थांबून वाजवू लागली.

"भरभर."

"बाई, चुकेल."

"चुकू दे."

मुलीचे हात पट्ट्यांवरून उतरून मांडीवर आले. "तुम्ही तर म्हणता, चुकण्यापेक्षा थांब."

"आज थांबू नकोस. आज चूक. घाई कर, चूक."

लमीसने प्रयत्न केला. बोट चुकीच्या पट्टीपर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. तिने ते दाबलं नाही. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "बाई, मी काय केलं?"

बाईंनी तिचं नाक पुसलं, हातात संत्रं दिलं आणि घरी पाठवलं.

मग त्या स्वतः स्टुलावर बसल्या. मुलांच्या साऱ्या चुका त्यांना ठाऊक होत्या. कुठे तिसऱ्याऐवजी चौथं पडतं, कुठे डावा हात मागे राहतो. त्यांनी ते तिसरं गाणं घेतलं, नसीम अडखळायचा त्या जागी आल्या आणि मुद्दाम शेजारची पट्टी दाबली. सूर चुकीचा आला, पण अगदी वेळेवर आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. आता वेळही मोडली. तरी ती मोडणं मोजून आल्यासारखं वाटलं. पोराची चूक सुरात नसतेच. आधी पोर धसकतं, नंतर झटकन झाकायला बघतं, चूक त्या दोहोंच्या मध्ये असते. ते त्यांच्या हातात कुठून येणार? तिसऱ्यांदा वाजवलं, चौथ्यांदा वाजवलं.

दार उघडंच होतं. उम्म नसीम कठडा धरत खाली आली.

"ओदेत, ती तू आहेस."

"कळलं?"

"बहिऱ्याला कळेल. तुझी चूकसुद्धा इस्त्री करून येते."

दोघी हसल्या, आणि हसू मध्येच संपलं. बाई उठल्या, स्टूल पुढे सरकवलं. "मग तू बस. तुला वाजवता येत नाही. मी दाखवते."

उम्म नसीमने पांढऱ्या पट्ट्यांवरून हात फिरवला, धूळ पुसावी तसा. एकही दाबली नाही. "माझ्या चुका मी दिवसभर ऐकतेच गं."

"वदीआ, मी फार कष्ट घेतले. तुला त्रास होऊ नये म्हणून. त्या पोरीला आता चुकताही येत नाही, एवढे घेतले."

"ऐकलं मी. छान वाजवते." तिने बाईंच्या खांद्यावरची खडूसारखी धूळ झटकली, पुठ्ठ्याचीच असावी. "तू रीत पाळलीस. कुणी नाव ठेवणार नाही."

ते बाईंना शिवीपेक्षा जास्त लागलं.

शनिवारी सकाळी हियाम नवऱ्याच्या गाडीतून आली. पेट्या वरून खाली आणल्या. बाईंनी जड पेटीचं एक टोक धरलं. हियाम "राहू द्या, मावशी" म्हणत होती, पण त्यांनी गाडीपर्यंत सोडलं नाही. उम्म बासील दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "आम्हाला विसरू नकोस, अलेप्पो काय लांब आहे?" उम्म नसीम पुढच्या सीटवर बसली. काच खाली करून बाईंना म्हणाली, "ये कधी तिकडे."

"येईन," बाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे कसलं बोलणं आहे ते दोघींना ठाऊक होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

सोमवारी लमीस आली. दारातच उभी राहिली, चप्पल काढेना.

"बाई, आज चुकायचं का?"

"नाही गं. ये. आज नीट वाजव."

ती बसली आणि वाजवू लागली. वर कुणी नव्हतं, तरी बाईंची नजर सारखी छताकडे जात होती. मुलीने ते दोन-तीनदा पाहिलं. मग न सांगताच तिने हात हलका केला आणि घरात कुणी आजारी असावं तशी हळूहळू वाजवत राहिली.